उड्यांच्या घराची शिवण

भिंगारला आमच्या घराच्या मागे अंगण आहे. त्या अंगणात उड्यांचं घर पहिल्यांदा फुगवायचं ठरलं तेव्हा मी सगळं मोजून घेतलं होतं. पेरूच्या झाडापासून अंतर, कंपाउंडच्या भिंतीपासून अंतर, धुणं वाळत घालायच्या तारेची उंची. मोजायचं राहिलं ते एकच. आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं.

ब्लोअर सुरू केला. जमिनीवर पसरलेलं लाल-पिवळं कापड आधी नुसतं थरथरलं. मग बसलेल्या म्हशीने उठावं तसा त्याने एक खांदा उचलला, मग दुसरा, आणि चारही खांब उभे राहिले तेव्हा त्याची पाठ आमच्या दाराला घट्ट टेकलेली. आमच्या मुलीचा, मुक्ताचा, पाचवा वाढदिवस होता. पोरं बाहेर, पुऱ्या आत, आणि पुऱ्या तळणारी माझी बायको मंजिरीही आतच. पुढच्या दाराने वळसा घालून यावं तर त्या बोळात मी ब्लोअर कोंबलेला. शेवटी खिडकीच्या गजांमधून एकेक पुरी बाहेर आली. बटाट्याची भाजी काही गजांतून येईना. पोरांनी पुऱ्या कोरड्याच खाल्ल्या आणि कोणाचं काही बिघडलं नाही. गजांआडून मंजिरीने एवढंच विचारलं, "पाहुणे मुक्कामाला आहेत का?"

तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव पाहुणे. मुक्ता मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली. पाहुणे अजून मुक्कामालाच आहेत.

माझी खरी नोकरी नागापूरच्या एका कारखान्यात होती. तिथे दाबाची हवा पाइपांतून सगळीकडे खेळवलेली असते, आणि ती कुठे गळते ते शोधायचं, हे माझं काम. साबणाच्या पाण्याचा मग आणि ब्रश घेऊन मी पाइपांना अंघोळ घालत फिरायचो. जिथे बुडबुडा आला तिथे गळती. बुडबुडे शोधून पोट भरणारा माणूस म्हणून नातेवाइकांत माझी ख्याती होती. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना टेम्पोत घालून मी लोकांच्या वाढदिवसांना न्यायला लागलो आणि नोकरी संपल्यावर तोच धंदा झाला. म्हणजे आधीही हवा, नंतरही हवा. हातात धरून दाखवावं असं मी जन्मात काही केलं नाही.

ज्यांनी हे घर फक्त लांबून पाहिलंय त्यांना वाटतं की फुग्यासारखी हवा भरायची, तोंड बांधायचं, झालं. तसं नसतं. ब्लोअर सतत चालू लागतो. इकडून हवा आत येते आणि शिवणींच्या बारीक भोकांतून तिकडून निसटत राहते. जेवढी येते तेवढी जाते, म्हणून पोराच्या पायाखाली जमीन मऊ राहते. चारही कोपरे वाळूच्या पोत्यांना बांधायचे. चपला, हेअरपिना, पेनं बाहेर काढायची. वारं सुटलं की पोरांना उतरवायचं, कोणी कितीही तोंड वाकडं करो. घरी आल्यावर पुसायचं, ऊन दाखवायचं, आणि ओलं असताना घडी घालायची नाही, नाहीतर पुढच्या वाढदिवसाला केकपेक्षा आमचाच वास आधी येतो. घडी घालणं हे दोन माणसांचं काम. आतली हवा गुडघ्यांनी रेटत रेटत दाराकडे न्यावी लागते. मंजिरी आणि मी देवापुढेसुद्धा इतक्या वेळा जोडीने गुडघे टेकले नसतील.

आणि प्लग काढायचा नाही. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. तरी एकदा सावेडीकडच्या एका वाढदिवसाला कोणाच्या तरी काकांनी मोबाईल चार्जिंगला लावायचा म्हणून आमचा प्लग काढला. आत पोरं. घर एकदम पडत नाही, तेवढी माणुसकी त्याच्यात आहे. ते हळूहळू गुडघ्यांत वाकतं, मान टाकतं आणि पांघरुणासारखं अंगावर येतं. मी धावत जाऊन एकेकाला बाहेर ओढलं. माझा जीव अर्धा झाला होता आणि पोरं विचारत होती, परत कधी पाडणार? काका लांबून म्हणाले, दोनच टक्के होती हो.

भिंगारातलेच एक निवृत्त सुभेदार होते. नातवाच्या वाढदिवसाला त्यांनी पोरांची उंचीप्रमाणे रांग लावली, माझ्या गाठी तपासल्या, दोन सोडून पुन्हा बांधायला लावल्या. सगळी पोरं गेल्यावर इकडेतिकडे पाहून त्यांनी मला विचारलं, वजनाची काही अट आहे का? मी म्हटलं, तुम्हाला नाही. ते मोजे घालून आत गेले, उडी काही मारली नाही, मधोमध उताणे झोपून छताकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, आतून आवाज येतो, नाही का?

येतो. तो आवाज मला चांगला ठाऊक आहे. दुपारच्या वेळी अंगणात पाहुण्यांना ऊन दाखवायला फुगवलं की मीसुद्धा आत जाऊन पडतो. लाल कापडातून येणारं ऊन अंगावर पडलं की आपला हात आपला वाटत नाही. बाहेरचं सगळं, भांड्यांचा आवाज, कोणाची तरी स्कूटर, मंजिरीचं फोनवरचं बोलणं, पाण्याखालून ऐकू यावं तसं येतं. ब्लोअर एका सुरात गुणगुणत असतो, आणि त्याच्याही आत, शिवणींमधून, एक बारीक सुस्कारा. कोणीतरी शेजारी झोपलंय आणि आपल्याला त्याचा श्वास ऐकू येतोय असं वाटतं.

आता हा सुस्कारा ऐकून दुसरा कोणी माणूस कूस बदलून झोपला असता. मी गळती शोधणारा. नोकरीत असताना फॅक्टरीच्या गोंगाटात मला हा आवाज कधी खुपला नव्हता. घरी बसल्यावर खुपायला लागला. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी साबणाचं पाणी केलं, ब्रश घेतला आणि पाहुण्यांच्या शिवणींवरून फिरवला. इतके बुडबुडे मी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. मग पंक्चरच्या सोल्युशनचे डबे आणले आणि पाटावर बसून एकेका शिवणीचं एकेक भोक बुजवत सुटलो. मंजिरी घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. पाहुण्यांची उसवलेली शिवणही आजवर तीच घालत आली. तिने दोनदा येऊन बघितलं. म्हणाली, शिवण म्हटली की भोकं असायचीच. मी तिला हवेचा दाब समजावून सांगितला. ती ऐकून आत गेली. मी फार छान समजावलं होतं.

त्याच आठवड्यात जामखेडच्या पुढच्या एका वस्तीवर जायचं होतं. आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये पोपट म्हणून एकजण होता, त्याची बहीण सुमन तिथे राहते. वस्तीवरची बहुतेक घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. पोपट सांगायचा की त्यांच्याकडची निम्मी पोरं त्याच हंगामात जन्मलेली, फडावरच्या खोपीत. त्यामुळे वाढदिवस येतो तो नेमका घरापासून लांब, उसात. म्हणून न्यायला गाडी यायच्या आदल्या दिवशी वस्तीवर सगळ्या पोरांचा वाढदिवस एकदमच करतात. एक केक, सगळ्यांचे हात एका सुरीवर. त्या वर्षी पोपटने ठरवलं, भाच्यांसाठी उड्यांचं घर न्यायचं.

मंजिरी सहसा येत नाही. त्या दिवशी म्हणाली, मी येते, पाहुणे कुठे कुठे जातात ते तरी कळेल. टेम्पोत पुढे ती, मी आणि ड्रायव्हर, मागे पाहुणे आणि जनरेटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी फुलायला आल्या होत्या, ऊन कोवळं होतं, आणि ती खिडकीला डोकं टेकून गाणं गुणगुणत होती. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात तिने असंच केलं होतं, की मला तसं आता वाटतं, कोण जाणे.

वस्तीवर पोचलो तर घरोघर बांधाबांध चाललेली. भांडी पोत्यांत, गोधड्या दोऱ्यांत. खळ्यावर मोकळी जागा होती तिथे मी पाहुण्यांना पसरायला घेतलं. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी आली आणि न विचारता पोत्यांत वाळू भरू लागली. ही सुमनची कोमल. तिने मला तिचं गाठोडं आणून दाखवलं. जुन्या ओढणीत एक फ्रॉक, एक ताटली, एक कंगवा, शाळेची दोन पुस्तकं. खोपीत धाकट्या भावाला कसं सांभाळायचं, चूल कशी पेटती ठेवायची, उसाच्या पाल्यावर झोपलं की कसा वास येतो, हे सगळं ती सांगत होती. उद्या गाडीत ती ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला बसणार होती. जागासुद्धा ठरली होती.

कोमल पाणी आणायला गेली तेव्हा सुमन जवळ आली. तिने हळू आवाजात मंजिरीला सांगितलं ते मी ऐकलं. कोमल उद्या जाणारच नव्हती. चौथीत गेलीय, गुरुजी म्हणाले पोर हुशार आहे, आता दरवर्षी शाळा मोडू नका. म्हणून तिला आजीजवळ ठेवायचं, धाकट्याला न्यायचं. पण हे कोमलला अजून सांगितलं नव्हतं. सुमन रोज सकाळी सांगायचं ठरवायची आणि रोज ते राहून जायचं. पोरीने गाठोडं बांधलं ते पाहून तर तिचं तोंडच उघडेना.

"आज उड्या मारू द्या तिला," सुमन म्हणाली. "हसली, दमली, की मग सांगते. तवा जरा कमी लागंल."

म्हणजे त्या दिवसाचं सगळं ओझं माझ्या पाहुण्यांवर होतं. मी म्हटलं, काळजी करू नका, असे फुगवतो की बघत राहाल.

आणि तसेच फुगवले. एकही भोक उघडं नव्हतं. पाहुणे कधी नव्हे इतके ताठ उभे राहिले, लग्नातल्या नवरदेवासारखे. चापट मारली तर ढोलासारखा आवाज आला. पोरांनी चपला काढून रांगेत ठेवल्या. आणि कोमलचा पाय आत पडायच्या आधीच कडेच्या शिवणीतून चर्र असा लांबलचक आवाज झाला. हवेला बाहेर जायला वाट ठेवली नव्हती, तिने स्वतःची वाट काढली. पाहुणे गुडघ्यांत वाकले आणि खळ्यावर आडवे झाले.

पोरं नुसती उभी राहिली. सुमनने कोमलकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आणि मी माझ्या सोल्युशनच्या डब्याकडे. ते वाळायला एक अख्खा दिवस लागतो, आणि दुसऱ्या दिवशी गाडी येणार होती.

मंजिरी पुढे आली. तिने फाटलेली शिवण हाताने चाचपून पाहिली आणि वस्तीवर दाभण आहे का विचारलं. पोती, गोधड्या शिवणाऱ्या त्या बायका, दाभण घरोघर होतं. सुमनने आपलं आणलं, नायलॉनचा दोरा ओवूनच. अडचण अशी होती की शिवण खालच्या, हवेच्या पोटातली. एवढ्या जाड कापडातून दाभण सरळ जायचं तर एकाने आत बसायला हवं, एकाने बाहेर. बाहेरच्याने टोचायचं, आतल्याने ओढून परत बाहेर द्यायचं. आत जायला मागे एक चेन असते, हवा काढायची. मी तिच्याकडे निघालो.

मंजिरीने माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं. "तुम्ही गेलात तर दुसरी शिवण जाईल," म्हणाली, पदर खोचला आणि स्वतःच आत शिरली. कापड अंगावर येऊ नये म्हणून आम्ही खाली दोन बाजा आडव्या सरकवल्या, चेन सताड उघडी ठेवली. शिवणीच्या दोन कडा आतून जुळवून धरायला कोणीतरी लहान हवं होतं. कोमल तिच्यामागे आत गेली.

बाहेर सुमन मांडी घालून बसली. शेजारी कापड ताणून धरायला मी. आतून त्या दोघींच्या सावल्या लाल कापडावर पुसट दिसत होत्या, कधी एक, कधी दोन. दाभण आत गेलं, बाहेर आलं. आलं का, असं आतून मंजिरी विचारायची. आलं, असं सुमन म्हणायची. बांधाबांधीचे आवाज लांब गेले. माळावरून वारा येत होता, जनरेटर बंद होता, आणि मला वाटत होतं की हे असंच संध्याकाळपर्यंत चालावं.

काही टाके झाल्यावर सुमनचा हात थांबला.

"कोमे," ती कापडाला म्हणाली, "आत हायस न्हवं?"

"हाय."

सुमनने दाभण टोचलं. ते आत ओढलं गेलं.

"उद्या गाडीत तू न्हाईस. तुला आजीपाशी ठिवलंय. शाळा हाय तुजी."

आतून दाभण आलं नाही. मी कापडावरच्या त्या जागेकडे बघत बसलो, जिथून टोक दिसायला हवं होतं. दोन सावल्या होत्या, त्या हलत नव्हत्या. सुमनचा हात कापडावर पालथा पडलेला होता. तिने तो उचलला नाही.

मग टोक बाहेर आलं. रेषेपासून चांगलं बोटभर लांब, तिरकं. सुमनने ते पाहिलं, जरा वेळ नुसतं पाहिलं, मग ओढून घेतलं आणि पुढचा टाका आत दिला. आणि प्रत्येक टाक्याबरोबर ती एकेक सांगत गेली. डोक्याला तेल लाव, बाटली फडताळात हाय. आजीला ऐकू येत न्हाई, तिच्यावर वरडू नको. शेळीला सांजच्याला आत घे. मुकादमाच्या फोनवरनं मी आइतवारी फोन करन. चिंचा पडल्या की माज्या वाटच्या ठिव. दाभण आत जायचं, थोडा वेळ राहायचं, वाकडंतिकडं बाहेर यायचं. मला आपलं वाटत होतं की मंजिरीचा हात दुखायला लागला. पन्नाशी आली, चालायचंच.

शेवटच्या गाठीनंतर आतून बारीक आवाज आला, "चिंचा सगळ्या ठिवू का निम्म्या?"

सुमनने दातांनी दोरा तोडला. "निम्म्या," ती म्हणाली. "निम्म्या तुला."

त्या चेनमधून आधी कोमल बाहेर आली, मागून मंजिरी. दोघींचे केस घामाने कपाळाला चिकटलेले. मी इतर शिवणींवरचं सोल्युशन जागोजागी नखाने खरवडून काढलं आणि ब्लोअर लावला. पाहुणे उठले. आता ताठ नव्हते, नेहमीसारखे, जरा पोक काढून. नव्या शिवणीतून हवा अशी जोरात निसटत होती की शीळ ऐकू यायची. पोरं आत घुसली. कोमल आधी कडेला बसून राहिली, मग धाकट्या भावाचा हात धरून उभी राहिली आणि उडायला लागली ती थांबेचना. सुमन बाहेर शिवणीपाशी बसली होती. तिने तळहात टाक्यांवर धरला होता, आतली हवा हाताला लागत होती. मी काही कोणाला सांगितलं नाही की तिथे हात ठेवला तर हवा अडते.

निघताना कोमलचं गाठोडं ओट्यावर सोडलेलं दिसलं. फ्रॉक, कंगवा आणि पुस्तकं बाजूला काढून ठेवलेली. ओढणीत आता धाकट्याचे कपडे होते, आणि ताटली तिने तशीच आत राहू दिली होती.

परतीच्या वाटेवर नगर जवळ आलं तेव्हा मंजिरीने मुक्ताला फोन लावला आणि जेवलीस का, एवढंच विचारून ठेवला.

दोन दिवसांनी अंगणात पाहुण्यांना ऊन दाखवायला काढलं. चेन उघडून मी ती शिवण आतून उलटी करून पाहिली. सुरुवातीचे टाके मंजिरीचे, एका ओळीत, ब्लाउजच्या हातशिलाईसारखे. मधेच एकदम सगळं बिघडलेलं. एक टाका लांब, एक आखूड, एक तर दोनदा टोचलेला. हवा तिथूनच शीळ घालत होती. माझ्यातला गळती शोधणारा पुन्हा जागा झाला. मी म्हटलं, अगं, इथपासून तुझा हात फारच दुखला म्हणायचा. एवढं उसवून नीट घालून टाकू आणि वरून थोडं सोल्युशन.

मंजिरी तारेवर साडी वाळत घालत होती. तिने साडी झटकली, कड ओढून सरळ केली.

"इथपासून दाभण माझ्या हातात नव्हतंच," ती म्हणाली. "कोमलने काढून घेतलं. तिच्या आईला पहिल्याच टाक्याला कळलं. तुम्ही शेजारी बसून तुम्हाला कळलं नाही. आता तेवढी जागा सोडून बाकी कुठेही काय लावायचं ते लावा."